वाचून, समजावून सांगितले

पहिल्या दिवशी त्या ऑफिसात मला पेन दिलं नाही. शाईचा पॅड दिला.

पत्र्याचा चपटा डबा, कडेला गंजलेला, आत जांभळी शाई पिऊन फुगलेली गादी. त्याच दिवशी आणखी दोन मुली रुजू झाल्या होत्या. पुण्याच्या कॉलेजातल्या, सुट्टीला घरी कोल्हापुरात आलेल्या. त्यांना काचेच्या खोलीत टेबल मिळालं, जाड पुस्तकं मिळाली, कॉफी आली. मी उभीच. मोठे साहेब माझा अर्ज बघत होते. आडनावावर त्यांचं बोट थांबलं.

"गाव?"

"कोडोली."

"कोडोलीत कुठं? गावात, का गावाबाहेर?"

हा प्रश्न मला शाळेपासून पाठ आहे. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं. त्याला ते फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.

"गावाबाहेर," मी म्हणाले.

साहेब खूश झाले. खोटं नाही सांगत, मनापासून खूश झाले. "उत्तम. दरवर्षी आम्ही तुमच्यातलं एक तरी घेतोच." आणि तो डबा बोटानं माझ्याकडं सरकवला. "कामगार येतात कागदांवर अंगठे द्यायला. त्यांचा हात धरून अंगठा उठवावा लागतो. ह्या मुलींना ते हात धरवत नाहीत. तुला सवय असेल."

तुला सवय असेल.

मी "हो सर" म्हणाले. थू माझ्या जिनगानीवर, पण म्हणाले.

२००४ साल. मी लॉच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजचा नियम असा की महिनाभर एखाद्या ऑफिसात काम करायचं आणि शेवटी प्रमाणपत्र आणायचं. ते नसेल तर टर्म नाही, टर्म नाही तर परीक्षा नाही. आणि आईनं आधीच सांगून ठेवलेलं, "ह्या साली झालीस वकील तर झालीस. न्हायतर लगीन." माझ्या मागं दोन बहिणी. वस्तीतल्या कुठल्याच पोरीनं तोवर काळा कोट घातला नव्हता. म्हणून मी तो डबा उचलला.

ऑफिस ताराबाई पार्कात. काचेचं दार, आत थंडगार हवा, माणसं कुजबुजल्यासारखी बोलायची. कोर्टात जाऊन ओरडणारे वकील तिथं नव्हते. एमआयडीसीतल्या कंपन्यांची कामं चालायची, करार, नोटिसा, आणि कामगारांची भानगड निघाली की ती आवाज न होता मिटवणं. साहेबांच्या हाताखाली एक मॅडम होत्या. मला काम सांगायच्या त्या. दुसऱ्याच दिवशी मी म्हणाले, "मॅडम, मी जेवायला जातो." आमच्याकडं बायका असंच बोलतात. मॅडमनी पुण्याच्या पोरींकडं बघून भुवया उडवल्या. "जातो? तू कोण, मुलगा आहेस? जाते म्हण." पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. मी जेवणाचा डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि तसाच बंद केला.

कामगार यायचे ते एकाच फौंड्रीतले. लोखंड वितळवून साच्यात ओतायची ती कंपनी. माणसं सगळी पन्नाशीच्या आतबाहेरची, आणि सगळी खोकणारी. वाळूचा खोकला. साच्याची बारीक वाळू वर्षानुवर्षं छातीत जाऊन बसते, मग ती श्वास वर येऊ देत नाही. एकेक जण आत यायचा, खुर्चीच्या टोकावर बसायचा. मी त्याचा अंगठा धरायचे, पॅडवर टेकवायचे, कागदावर एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायचे.

आणि ठसा उठायचा नाही.

खरं सांगते. फौंड्रीतल्या माणसाच्या अंगठ्याला रेघा राहत नाहीत. वाळूनं घासून, धगीनं भाजून कातडं गुळगुळीत होतं. कागदावर नुसता जांभळा डाग पडतो. मग परत शाई, परत दाब. मॅडम दारातून म्हणायच्या, "जोरात दाब गं. रेघा दिसल्या पाहिजेत." कागद वाळेपर्यंत त्या हात लावायच्या नाहीत.

कागद इंग्रजीत. खाली अंगठ्याची जागा, आणि त्याच्याही खाली मराठीत एक ओळ छापलेली: "वरील मजकूर संबंधितास मराठीत वाचून, समजावून सांगितला. तो त्यास मान्य आहे." तिथं माझी सही.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "मॅडम, वाचून कधी दाखवायचं?"

"वेळ कुठाय? फॉर्मॅलिटी आहे ती. तू सही कर."

केली. आणि लपवत नाही, मला बरं वाटलं. कायद्याच्या कागदावर माझी सही! माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव. मी अक्षर वळणदार काढलं. एक म्हातारा अंगठा पुसत म्हणाला, "बाय, काय लिवलंय त्यात?" मी म्हणाले, "काय न्हाय काका, फॉर्मॅलिटी हाय." तो बिचारा मान हलवून गेला. फॉर्मॅलिटी म्हणजे काय हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

तीन आठवड्यांत अकरा जण झाले. अकरा अंगठे, अकरा सह्या.

आणि एक डायरी. कॉलेजची तीही भानगड होती. रोज काय काम केलं ते स्वतःच्या अक्षरात लिहायचं, दर शनिवारी ऑफिसच्या प्रमुखाची सही घ्यायची. कॉलेजातल्या सरांनी बजावलेलं, खोटं लिहाल तर तोंडी परीक्षेत पकडीन. मी भाबडी. खरं खरं लिहायचे, मराठीत, नावानिशी. शनिवारी डायरी घेऊन साहेबांपुढं उभी राहायचे. ते फोनवर असायचे, कानाला रिसीव्हर, मानेत वाकडे. पानावर नजरसुद्धा टाकायचे नाहीत. सर्रकन सही.

चौथ्या आठवड्यात मॅडमनी मला जुन्या फायली लावायला रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. खिडकी नसलेली खोली. धूळ, सुतळीनं बांधलेले गठ्ठे. एक गठ्ठा सुटला आणि कागद खाली पडले. तसलेच कागद. इंग्रजी मजकूर, जांभळा डाग, खाली तीच ओळ. वाचून, समजावून सांगितला. सही दुसऱ्याची.

मी दुसरा गठ्ठा सोडला. त्याच्या आदल्या सालचा. तिसरा सोडला. दरवर्षी नवीन सही, नवीन अक्षर, आणि प्रत्येक आडनाव आमच्यातलं. आमच्याच वस्त्यांतलं.

दरवर्षी आम्ही तुमच्यातलं एक तरी घेतोच.

एक सही मी ओळखली. दिनकरची. दिनकर आमच्या पलीकडच्या गल्लीतला, मी शाळेत असताना लॉला गेलेला. वकील झाला, पण एक दिवसही वकिली चालली नाही. आता गावच्या स्टँडवर बसून लोकांचे अर्ज लिहितो, तेही परगावच्या लोकांचे. वस्तीतला माणूस त्याच्याकडं जात नाही. त्याच्या बापाच्या मातीला चार खांदे मिळायची मारामार झाली होती. का, ते आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "त्यानं मानसं इकली."

मी तिथंच खाली बसले आणि पहिल्यांदा तो इंग्रजी मजकूर नीट वाचला. कठीण शब्दांवर बोट ठेवून, एकेक ओळ, पहिलीतल्या पोरासारखी.

लिहिलं होतं: मी ह्या कंपनीचा कामगार कधीही नव्हतो. मी ठेकेदाराबरोबर अधूनमधून येत असे. माझा छातीचा आजार मी येथे येण्याआधीपासूनचा आहे. कंपनीविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही आणि पुढे मी ती करणार नाही.

अकरा माणसं. कुणी पंधरा वर्षं, कुणी वीस वर्षं त्या भट्टीपुढं उभी राहिलेली. आणि त्यांचा हात धरून, वळणदार अक्षरात, मी लिहून दिलं होतं की हे त्यांना समजलंय आणि मान्य आहे.

मी तो कागद घेऊन तशीच साहेबांच्या खोलीत गेले. मॅडमही तिथंच होत्या. मी म्हणाले, "सर, ह्यात लिहिलंय ते खोटं आहे. आणि मी कुणालाच वाचून दाखवलेलं नाही."

मॅडम म्हणाल्या, "तुझं इंग्रजी अजून कच्चं आहे."

साहेब मात्र चिडले नाहीत. मला त्यांचं तेच आठवतं. त्यांनी मला बस म्हटलं. पहिल्यांदाच. मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, तू कायदा शिकतेस ना? मग सांग. त्या कागदावर आमची सही आहे? नाही. कंपनीची आहे? नाही. वाचून दाखवलं असं लिहून कुणी दिलंय?"

मी हातातल्या कागदाकडं बघितलं.

"ते खोटं असेल, तर खोटं कुणी केलं?" ते हसले. "शुक्रवारी तुझ्याच गावचा एकजण येतोय. तो बारावा. तेवढा झाला की शनिवारी प्रमाणपत्र घेऊन जा. उत्तम शेरा देतो."

घरी आले ती जेवलेच नाही. आईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. आई चुलीपुढं बसलेली, हातातलं पीठ तसंच राहिलं. मग म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." बास. ना शिवी, ना मार. मारलं असतं तर बरं झालं असतं. लग्नाचा विषयही तिनं त्या दिवसापासून काढला नाही.

शुक्रवारी सकाळी एसटीत बसले. ऊस गेला, पंचगंगेचा पूल गेला. डायरीत आदल्या दिवसाचं लिहायचं राहिलं होतं म्हणून पिशवीतून काढली आणि मागची पानं चाळली. माझंच अक्षर. "आज चार कामगारांचे अंगठे घेतले. नावे खालीलप्रमाणे. कागद इंग्रजीत होते. वाचून दाखवायला वेळ नाही, फक्त सही कर, असे मॅडमनी सांगितले. त्याप्रमाणे मी न वाचता सही केली." पुढच्या आठवड्यात परत तेच. त्याच्या पुढच्यात तेच. अकराच्या अकरा नावं.

आणि प्रत्येक पानाखाली साहेबांची सही. ऑफिसच्या शिक्क्यासकट.

कंडक्टर तिकीट तिकीट म्हणून ओरडत होता आणि मला ऐकूच येत नव्हतं.

बारावा होता मारुतीमामा. आमच्या दारासमोरचं दार त्याचं. सख्खा मामा नव्हे, पण मी कॉलेजात पहिल्यांदा गेले तेव्हा आप्पांना, माझ्या बापाला, ताप होता म्हणून हाच माझ्याबरोबर आला होता, कंपनीतनं खाडा करून. एकोणीस वर्षं त्या फौंड्रीत. हल्ली दाराच्या उंबऱ्यापासून नळापर्यंत जायला दोनदा बसायचा.

तो आत आला. ते काचेचं टेबल, ती थंड हवा, साहेब, मॅडम, सगळं बघून भेदरला. मग मी दिसले.

"आगं! तू हायस व्हय हितं!" त्याचा चेहराच उघडला. साहेबांना म्हणाला, "आमचीच पोरगी की ही! आता काय भ्याचं कारन न्हाय." आणि काही न विचारता, काही न बघता त्यानं अंगठा पुढं केला.

साहेब माझ्याकडं बघत होते. तेव्हा मला सगळं उमगलं. हात धरवत नाहीत, ही नुसती थाप होती. त्यांना हवा होता तो मामाच्या तोंडावरचा हा भाव. आमचीच पोरगी. त्यासाठी ते दरवर्षी एक घेत होते.

मी पॅडचं झाकण उघडलं. मामाचा अंगठा धरला, शाईवर टेकवला. मॅडमनी कागद सरकवला. मी तो उचलला.

म्हणाले, "मामा, थांब. हे आधी वाचून दाखवतो तुला. खाली तसं लिवलंयच."

"काही गरज नाही," मॅडम म्हणाल्या.

"हाय की. मान्य हाय म्हणून लिवायचं तर ऐकायला नको?"

आणि मी वाचलं. इंग्रजी ओळ, मग आमच्या बोलीत. मोठ्यानं. त्या ऑफिसात एवढ्या मोठ्यानं कुणी कधी बोललं नसेल. "ह्यात म्हणतंय, मारुतीमामा ह्या कंपनीत कामाला कधीच नव्हता." काचेपलीकडं पुण्याच्या पोरींनी माना वर केल्या.

मामाला वाटलं मी चेष्टा करतेय. हसला. "आँ? जरा इस्कटून सांग की."

"म्हणतंय, तू ठेकेदाराबरोबर कवातरी यायचास. तुझा खोकला तू घरातनंच घेऊन आलायस. कंपनीवर तुझी काय तक्रार न्हाय, आणि मरंस्तवर करनार न्हाईस."

"बास कर!" साहेब उठले. "बाहेर हो."

मी शेवटची ओळ वाचूनच थांबले.

मामा हसायचा थांबला होता. त्यानं शाई लागलेल्या अंगठ्याकडं बघितलं. मग साहेबांना म्हणाला, "सायेब, गेल्या म्हयन्यात गेटवर आमचं बिल्लं काढून घेतलं. नवीन देतो म्हनालं. ते ह्येच्यासाठी व्हय?" मामाला खोकल्याची उबळ आली, ती सरेपर्यंत कुणी हललं नाही. मग तो म्हणाला, "मी हितं कवाच नव्हतो, तर मग एकोनीस वर्सं हुतो कुठं मी?"

त्यानं अंगठा त्या काचेच्या टेबलावर पुसला. दोनदा, दाबून. नुसता जांभळा डाग, रेघ एकही नाही. मग उठला आणि माझा हात धरून जिन्यापर्यंत चालला. तो कागद माझ्या दुसऱ्या हातात तसाच राहिला.

मागून साहेबांचा आवाज आला, तोच मऊ आवाज. "प्रमाणपत्र विसर. ह्या जिल्ह्यात तुला कोण ऑफिसात घेतो बघतो. आणि ते अकरा कागद माझ्याकडंच आहेत."

प्रमाणपत्र गेलं. टर्म गेली, वर्ष गेलं. पुढच्या साली साताऱ्यात एका म्हाताऱ्या वकिलाकडं महिना काढला तेव्हा कुठं परीक्षेला बसता आलं. पण ते नंतरचं. आधी मी अकरा घरी गेले, डायरी घेऊन. आईही आली, बोलली नाही, पण आली. प्रत्येक दारात मी त्या कागदात काय होतं ते सांगितलं आणि म्हणाले, हे तुम्हाला वाचून दाखवलं असं खोटं मी लिहून दिलंय. एका घरी पाणी मिळालं. एका घरी दार लावून घेतलं. शिरोळकडच्या एका गावात बाई अंगणात उभी होती, कपाळ मोकळं. नवरा पंधरा दिवसांपूर्वी गेला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पायापुढं थुंकली. मी पाय मागं घेतला नाही.

मग सगळ्यांनी मिळून कामगार कोर्टात दावा लावला आणि मी साक्षीदार झाले. लोक म्हणाले, येडी हायस काय, सनद मिळायच्या आधी स्वतःचंच खोटं कोर्टात सांगतीस? मी सांगितलं. पिंजऱ्यात उभी राहून सांगितलं. सही माझी. वाचून दाखवलं नाही. खोटं मी केलं. मग डायरी पुढं केली.

न्यायाधीशांनी पानं उलटली. एका पानावर थांबले, पुढच्या शनिवारच्या पानावर थांबले. कंपनीतर्फे साहेबच उभे होते. त्यांना विचारलं, "ही सही आपली?"

साहेबांनी चष्मा लावून ते पान वाचलं. पहिल्यांदाच वाचलं. त्यांच्या मानेवर घाम आलेला मी बघितला.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "पण मजकूर मी वाचला नव्हता."

मागच्या बाकांवर कामगार बसले होते. कुणी हसलं नाही. नुसतं खोकणं ऐकू येत होतं. मारुतीमामा त्यात नव्हता. तो त्याआधीच्या थंडीत गेला.

दावा अजून पडून आहे. तारखा पडतात. माणसं खपतात. मी आता वकील आहे आणि तो दावा माझ्या डोळ्यांदेखत संपेल का नाही मला ठाऊक नाही. माझी सही मात्र त्या अकरा कागदांवर आहे आणि ती मी मेल्यावरही तिथंच राहणार. ती कुणी माफ करू नये. मीही करत नाही.

ते ऑफिस अजून तिथंच आहे. काच नवीन बसवलीय. दरवर्षी मे महिन्यात ते आमच्यातलं एक घेतात. आणि दरवर्षी मे महिन्यात, सकाळी दहाच्या आधी, मी समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहते. नवं पोरगं ओळखू येतं. चपला पुसून आलेलं असतं, शर्ट इस्त्रीचा, हातात कॉलेजची डायरी. मी रस्ता ओलांडून त्याला अडवते.

"गाव कुठलं?" विचारत नाही. विचारते, "पेन दिलं का पॅड?"

पोरगं खाली बघतं. मग मी पिशवीतून तो कागद काढते आणि तिथंच, रस्त्यावर, त्या काचेच्या दारासमोर, त्याला सगळा वाचून दाखवते. मोठ्यानं. आतल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.